कवळीच्या डबीतली इरकली

मगदूम सर नवी कवळी बसवून बघायला आतल्या आरशाकडे गेले आणि तेवढ्यात मी त्यांची एक मादी चोरली.

मादी म्हणजे गप्पी माशाची. बोटाच्या दीड पेराएवढी, राखाडी, पोटुशी. माझ्या हातात कवळीची प्लास्टिकची डबी होती आणि तिच्यात पाणी होतं, कारण कवळी कोरडी राहिली तर वाकते, म्हणून मी ती पाण्यातूनच देत असे. सरांनी दात उचलून नेले, डबी माझ्या हातात राहिली, आणि समोरच्या टाकीत ती मादी अगदी वर येऊन तोंड उघडमीट करत होती. मी डबी बुडवली, झाकण दाबलं आणि पँटच्या खिशात घातली. मी दातांचा डॉक्टर. तोवरच्या एकतीस वर्षांत मी कुणाचं साधं पेनसुद्धा उचललं नव्हतं.

"डॉक्टर," आतून आवाज आला, "शिट्टी वाजतेय."

"कसली?" माझा हात खिशावर.

"माझ्या तोंडात. स म्हटलं की वाजते. ऐका. सांगली. सदलगा. सत्तावीस."

खरंच वाजत होती.

"दोन दिवस वापरा सर. नाही गेली तर घासून देतो."

"चहा घ्या."

"पेशंट बसलेत."

सर मला गेटपर्यंत सोडायला आले. वाटेत त्यांनी लिंबाच्या झाडावर पडलेली कीड दाखवली, मग तिच्यावर काय फवारावं हे सांगितलं, मग काय फवारू नये तेही सांगितलं. मी खिशातला हात न काढता माना हलवत होतो.

ही गोष्ट सत्त्याण्णवच्या जानेवारीतली. जयसिंगपुरात सहाव्या गल्लीत मी नुकताच दवाखाना काढला होता. दात काढायला आलेला माणूस बाहेर बसून घाबरतो, त्याला बघायला काहीतरी असावं म्हणून एक काचेची टाकी आणली, आणि सगळ्यांनी एकच पत्ता सांगितला. नवव्या गल्लीत जा, मगदूम सरांकडे.

सर चित्रकलेचे शिक्षक. निवृत्त झाल्यावर त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि मासे हातात घेतले. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत अठरा टाक्या होत्या आणि सगळ्यांत गप्पी. हे मासे अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात, तीही महिन्याला वीस-तीस. त्यातले हवे ते निवडत, नको ते बाजूला काढत सरांनी अकरा वर्षांत एक रंग तयार केला होता. नराची शेपटी गडद जांभळी, पदरासारखी पसरलेली, आणि तिला पिवळीधमक किनार. इरकल लुगड्यावरून सर त्याला इरकली म्हणायचे. दुकानात मिळणारे मासे त्याच्यापुढे कागदाचे वाटत.

मला सरांनी चार नर दिले, हौसेनं, स्वतः दवाखान्यात येऊन सोडले. मादी मागितली तेव्हा मात्र म्हणाले, "मादी मी देत नाही."

"एकच द्या."

"एक म्हणजे सगळं दिल्यासारखं आहे, डॉक्टर. गप्पीची मादी एकदा नराजवळ राहिली की पुढचे चार महिने नर नसला तरी पिल्लं देते. एक पोटुशी मादी गेली म्हणजे अकरा वर्षं गेली. लोक तिला कुठल्याही रस्त्यावरच्या नराबरोबर ठेवणार. किनार जाणार."

मी तीनदा मागितली. तीनदा हेच उत्तर. चौथ्यांदा मागितली नाही.

चोरलेली मादी बाहेरच्या टाकीत ठेवणं शक्य नव्हतं. सर आठवड्यातून दोनदा शिट्टी घेऊन येत. म्हणून क्ष-किरणाच्या प्लेटा धुवायच्या खोलीत मी एक छोटी टाकी लावली, वर दिवा टांगला आणि कंपाउंडरला सांगितलं की आत जायचं नाही, औषधं आहेत. दहाव्या दिवशी सकाळी बघतो तर पाण्यात स्वल्पविरामाएवढे जीव. आई आपलीच पिल्लं खाते हे मी सरांकडूनच ऐकलं होतं, म्हणून तिला लगेच दुसऱ्या बरणीत काढलं. तेवीस मोजली. त्या दिवशी एका माणसाची अक्कलदाढ काढताना मी गुणगुणत होतो. त्याला ते आवडलं नाही.

त्याच आठवड्यात सर खुर्चीत बसले. मी त्यांचं तोंड उघडून आरसा आत घातला. त्यांनी माझा हात धरून बाहेर काढला.

"डॉक्टर, चोरी झाली."

"कुठं?"

"दर रविवारी मी निवडीतल्या माद्या मोजतो. एकसष्ट होत्या. साठ भरल्या. दोन रविवार साठच."

"मेली असेल."

"मेलेली सापडते. ही गेली." सर खुर्चीवरच्या दिव्याकडे बघत होते. "नेजे असणार. गिरणीवाला. मागच्या महिन्यात पीठ द्यायला आला तेव्हा खिडकीशी फार वेळ उभा होता."

गिरणीवाला बाळगोंडा नेजे हा जयसिंगपुरातला सगळ्यात गरीब स्वभावाचा माणूस. मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "तोंड उघडा."

दुसऱ्या दिवशी माशांच्या खोलीला पितळी कुलूप लागलं. सरांनी नेजेच्या गिरणीत दळण टाकणं बंद केलं आणि उन्हातून डबा घेऊन स्टेशनजवळच्या गिरणीत जाऊ लागले. नेजे मला एकदा म्हणाला, "डॉक्टर, सर का बोलंनात हो? माझ्या पिठात काय खडा लागला का?"

मी म्हणालो, "दाताचं काही नाही त्यांच्या." हे काय उत्तर झालं, मलाही कळलं नाही.

सरांच्या पत्नीला सगळे पद्माक्का म्हणत. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. मासे पाळण्यातलं त्यांना फक्त जीव मारणं मंजूर नव्हतं. घरात अंडं येणार नाही, आणि निवडीत नापास झालेला मासाही मरणार नाही. त्यामुळे सर पिल्लांना अंड्याच्या बलकाऐवजी भाजलेल्या डाळीचं नि पालकाचं वस्त्रगाळ पीठ घालत आणि नापास मासे अक्कांकडे देऊन सांगत, "मळ्यातल्या विहिरीत सोड." ऊन वाढलं की दुपारी किल्ली मागून घेऊन अक्काच खोलीच्या खिडक्या उघडत आणि ओली पोती लावत.

एप्रिलमध्ये दोघं बेळगावला मुलीकडे नातीच्या बारशाला गेली. दरवर्षी ती कुठं गेली की किल्ली समोरच्या कोरेबाईंकडे असे. या वेळी सरांनी खिडक्या लावल्या, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली बंडीच्या खिशात ठेवली. दोन दिवसांसाठी गेले होते. बाळाला ताप आला म्हणून पाच दिवस राहिले. त्या पाच दिवसांत गावात कुत्री गटारात बसून होती.

मला अक्कांनी निरोप पाठवला. मी गेलो तेव्हा सर जाळी घेऊन एकेक टाकी रिकामी करत होते. पाणी हाताला कोमट लागत होतं. बादलीत जांभळं आणि पिवळं होतं, बाकी काही मी बघितलं नाही.

"खिडक्या मीच लावल्या," सर म्हणाले. एवढंच. पेरूच्या झाडाखाली खड्डा काढायला मी मदत केली.

आठ दिवसांनी पद्माक्का दवाखान्यात आल्या. पेशंटांच्या रांगेत बसल्या, नंबर आल्यावर आत आल्या, पण खुर्चीत बसल्या नाहीत.

"दात बसत नाहीत म्हणतात. वाटीत काढून ठेवलेत. जेवायला बसले की म्हणतात, टोचतंय. आठ दिवस नुसतं ताक पितायत."

"कवळी चांगली बसली होती, अक्का."

"मला माहीत आहे." त्या दाराकडे वळल्या. "तुम्ही या एकदा. तुमचं ऐकतील."

त्या गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन दिवा लावला. तेवीसातले एकोणीस जगले होते. त्यातल्या अकरा नरांच्या शेपट्या आता पूर्ण उघडल्या होत्या. जांभळ्या, पिवळ्या किनारीच्या. मी स्टुलावर बसून बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिलो. बाहेरच्या टाकीतले चार नर आणि ती आई धरून जगात आता एवढेच इरकली होते, आणि ते का होते हे सांगितल्याशिवाय ते परत करता येणार नव्हते.

रविवारी सकाळी दहा वाजता एका मोठ्या बरणीत मासे घेऊन मी नवव्या गल्लीत शिरलो. सरांच्या गेटापाशी कोरेबाई उभ्या होत्या. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, साठीच्या, इस्त्रीची साडी. हातात पितळेची कळशी, तोंडाला फडकं बांधलेलं.

"काय आणलंत?" मी विचारलं.

"ताक," बाई म्हणाल्या. "तुमच्या बरणीत?"

मी बरणी पाठीमागे घेतली. "औषध."

"औषध पोहतंय, डॉक्टर."

मी काही बोलायच्या आत सायकलवरून नेजे आला. हँडलला तेलाचा पाच किलोचा डबा. आम्हाला बघून तो पुढे निघून गेला, कोपऱ्यावर थांबला, आणि सायकल हातात धरून परत आला.

"सरांचं दळण आणलंय," तो म्हणाला. डब्यातून पाणी ठिबकत होतं.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत होतो, तेव्हा अक्कांनी आतून दार उघडलं. तिघांच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एकदम कशाला आलात? एकेकानं यायचं ठरलं होतं ना?"

हे माझ्याशी ठरलं नव्हतं. पण मागे फिरायची वेळ गेली होती.

सर ओट्यावर खुर्चीत बसले होते, दातांशिवाय, दहा वर्षांनी म्हातारे. आम्ही बरणी, कळशी आणि डबा त्यांच्यापुढे मांडला. बाईंनी फडकं सोडलं. सरांनी वाकून बघितलं. मग अक्कांना म्हणाले, "चष्मा."

चष्मा लावून ते जमिनीवर बसले. पाचेक मिनिटं ते कळशीतच बघत राहिले. शेवटी त्यांनी कळशीवरून मान वर केली.

"कोरेबाई, यांच्यात लाल कुठून आला?"

"दुकानातला एक मिसळला होता," बाई म्हणाल्या. शाळेतल्या मुलीसारखा आवाज. "दिसायला बरा होता."

"बरा होता," सर म्हणाले. "नेजे, तुमच्या माशांच्या किनारी फाटल्यात. पीठ घालता?"

"ज्वारीचं, सर."

"ज्वारीचं घालत नाहीत." मग ते माझ्या बरणीशी आले आणि थांबले. बोट काचेवर ठेवून एकेका नराच्या मागे फिरवू लागले. "हे कोणाचे?"

"माझे," मी म्हणालो. "म्हणजे तुमचे. सर, ती साठावी... एकसष्टावी मादी मी चोरली. नेजेचा काही संबंध नाही. कवळी द्यायला आलो तेव्हा."

"कशातून नेलीत?"

"कवळीच्या डबीतून."

सरांनी पुन्हा बरणीत बघितलं. "घुसमटली असेल ती."

"कुलूप माझ्यामुळं लागलं, सर. जे झालं ते माझ्यामुळं झालं."

"कुलूप मी लावलं," सर म्हणाले. मग नेजेकडे वळले. "तुम्हीही चोरलीत?"

"छे, सर." नेजे घाबरून अक्कांकडे बघू लागला. "मला... मी मागितली होती."

"मी दिली नाही."

"तुमच्याकडं न्हाई मागितली."

कोरेबाईंनी घसा साफ केला. "मला तीन वर्षांपूर्वी पद्मानं दिली."

सगळे अक्कांकडे बघू लागले. त्या खांबाला टेकून उभ्या होत्या.

"विहिरीत मोठे मासे आहेत," त्या म्हणाल्या. "खातात ते यांना. एकदा सोडले नि डोळ्यांनी बघितलं. मग नाही सोडले. मागेल त्याला दिले."

"ते नापास झालेले," सर म्हणाले. "ह्या नापास नाहीत. ह्या माझ्या निवडीतल्या माद्या आहेत."

"दारात आलेल्याला वाईट कसं द्यायचं?"

"आणि माझी मोजणी? दर रविवारी एकसष्ट भरत होत्या."

"एक गेली की पलीकडच्या पिल्लांच्या टाकीतली वाढलेली एक इकडं टाकत होते. तुम्ही मोजता, तोंड कुठं बघता?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "ही एकच मला ठाऊक नव्हती. म्हणून साठ भरल्या. डॉक्टर, तुम्ही मला एकदा विचारायचं होतं."

गावात ज्याला हवी त्याला मिळत होती ती वस्तू मी एकट्यानं चोरली होती.

"आणि मजा बघा," सर माझ्या बरणीकडे बोट दाखवून कोरेबाईंना म्हणाले, "शुद्ध राहिलेत ते फक्त चोराचे. भीतीनं याने त्यांना कुणाजवळ ठेवलंच नाही." त्यांचा खालचा ओठ हलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं. "नेजे, उद्यापासून दळण तुमच्याकडे. आणि ते ज्वारीचं बंद करा. अगं, अजून कुणाकुणाला दिलेस?"

अक्का बोटं मोजू लागल्या. स्टँडवरचा कंट्रोलर. शाळेचा शिपाई. तंबाखूच्या वखारीतले पाचोरे. दूधवाला. पोस्टातली नवी बाई. दोन्ही हातांची बोटं संपली.

"आणि सुजाताला."

"बेळगावला? मी पाच दिवस तिच्या घरात होतो. मला कुठं दिसले नाहीत."

"मागच्या न्हाणीत ठेवले होते. नळ बिघडलाय, तिकडं जाऊ नका, असं सांगितलं होतं ना तुम्हाला."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी वाट बघत होतो की आता ते अक्कांवर ओरडतील. ते उठून आत गेले आणि कवळी घालून बाहेर आले.

"डॉक्टर, दवाखाना बंद आहे ना आज? स्कूटर काढा."

त्या दुपारी आम्ही नऊ घरं फिरलो. सर प्रत्येक घरात टाकीपुढे बसत आणि घरच्यांना बोल लावत. इथं पाणी हिरवं झालंय, इथं टाकी उन्हात आहे, जिथं तीन मासे पुरे होते तिथं तीस कोंबलेत. लोक माना खाली घालून ऐकत आणि वर सरबत देत. सहाव्या सरबतानंतर मी सरांना म्हणालो, आता घरी जाऊ. ते म्हणाले, "पोस्टातल्या बाईनं सांगितलं ते घर राहिलं."

पोस्टातल्या बाईनं आपली पिल्लं पुढे अकराव्या गल्लीत साडीला फॉल-पिको करणाऱ्या शमशाद मुल्लाणींना दिली होती. एका खोलीचं घर, दार सताड उघडं, मशीनशेजारी लाकडी पेटीवर टाकी. आम्ही दारातून बघितलं आणि सर चप्पल काढायची विसरले.

शेपट्या सरांच्या माशांपेक्षा बोटभर नाही, पण दिसण्याइतक्या मोठ्या होत्या. जांभळा जास्त खोल होता. आणि त्या मोठ्या माशांतूनच पिल्लं बिनधास्त फिरत होती.

"मासे बघायला आलाय व्हय?" शमशादबाईंनी मशीन थांबवलं. चाळिशीच्या असतील. "बसा, काका. सगळेच येतात."

"हे कसले?" सरांनी विचारलं. मी त्यांच्याकडे बघितलं.

"इरकली म्हणतात. दुकानात मिळत न्हाईत. इथलेच कुणी मास्तर होते म्हणं, त्यांनी काढले. गेले बिचारे."

"कधी?"

"लई वर्षं झाली असतील."

मी तोंड उघडलं. सरांनी माझं कोपर दाबलं.

"आई पिल्लं खात नाही?" ते म्हणाले.

"उपाशी ठेवली तर खाती. पोटभर घातलं, लपायला जरा हिरवं घातलं, की कशाला खाईल?" बाई उठून आल्या, चिमटीनं काहीतरी पाण्यात टाकलं. "लोक लगेच पिल्लं वेगळी करतात. मी करत न्हाई. एकत्र वाढली की अंग धरतात."

अकरा वर्षं सर प्रत्येक बाळंतिणीला पिल्लांपासून वेगळी काढत आले होते. दुपारपासून नऊ घरांत बोलणारा माणूस आता नुसता ऐकत होता. पाणी किती बदलता, मीठ घालता का, थंडीत काय करता. बाई सांगत होत्या आणि सर मान हलवत होते. एकदा तर त्यांनी खिशातून कागद काढून लिहून घेतलं.

"आवडले वाटतं," बाई म्हणाल्या. सरांनी मान हलवली. बाईंनी आणखी काही विचारलं नाही. काचेच्या बरणीत पाणी घेतलं, दोन नर आणि तीन माद्या पकडल्या, त्यातली एक अगदी पोट टेकलेली. सर दोन्ही हात पुढे करून उभे होते.

"हे घ्या, काका. पाणी एकदम बदलू नका. आणि बंद खोलीत ठेवू नका, हां. जीव गुदमरतो त्यांचा."

"नाही ठेवणार," सर म्हणाले.

बाहेर येऊन मी स्कूटरला लाथ मारली. सर मागे बसले, बरणी मांडीवर, तिच्याभोवती दोन्ही हात. मला वाटलं होतं, आता काहीतरी बोलतील. नवव्या गल्लीच्या वळणावर माझ्या खांद्याशी त्यांचा आवाज आला.

"सावकाश घ्या, डॉक्टर. पाणी हिंदकळतंय."